दिराच्या कॉम्प्युटरवरची पेटी

मार्च संपत आला की आमच्या कोळवण खोऱ्यात धुराचे दिवस सुरू होतात. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं असतं, तिथं शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर अंथरून तो तुकडा भाजतात. त्याला राब म्हणतात. माझ्या सासूबाई राबाच्या बाबतीत फार काटेकोर. कुठला पाला खाली, कुठला वर, थर किती बोटांचा, हे दुसऱ्या कुणी ठरवलेलं त्यांना चालत नाही. त्या वर्षी त्या डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन अंगणातून ये-जा करत होत्या आणि मी माजघरात कॉम्प्युटरसमोर बसून लाल अक्षरांतली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. ओळ इंग्रजीत होती. तिचा अर्थ एवढाच, की हवी असलेली लायब्ररी सापडत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. लग्नाआधी चार वर्षं मी हिंजवडीत प्रोग्रॅम लिहायचं काम करत होते. मग लग्न, मग हे गाव, मग मुलगी. 'थोडे दिवस' म्हणून नोकरी सोडली आणि त्या थोड्या दिवसांची नऊ वर्षं झाली. मुलगी तिसरीत गेली तेव्हा मी पुन्हा अर्ज करायला लागले. बहुतेक ठिकाणी नऊ वर्षांचा खड्डा बघूनच लोक पुढं बोलत नसत. शेवटी महाळुंग्यातल्या एका नव्या इमारतीतल्या लहानशा कंपनीनं बोलावलं. तिथं मिळून सात माणसं. मुख्य माणूस माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल.

"मॅडम, इंटरव्ह्यूत सगळेच छान बोलतात," तो म्हणाला. "मी तुम्हाला एक काम देतो."

काम असं होतं. लहान धरणांमधली पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं असतात. त्यांचे आकडे घेऊन आलेख काढणारा एक जुना प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. तो ऑफिसातल्या एकाच म्हाताऱ्या मशीनवर चालायचा, दुसरीकडे कुठं उभाच राहायचा नाही. ज्यानं तो बसवला होता तो नोकरी सोडून गेला होता. मला त्यासाठी एक बिल्ड स्क्रिप्ट लिहायची होती. म्हणजे कुठल्याही नव्या मशीनवर ती चालवली, की लागणारं सगळं साहित्य शोधून, जोडून तिनं प्रोग्रॅम उभा करायचा. सोबत एक पानभर सूचना. शनिवारी सकाळी तो स्वतः त्याच्या मशीनवर बसून त्या पानावर लिहिलंय तेवढंच करणार होता. मला फोन करून काही विचारणार नव्हता आणि मीही त्याला काही विचारायचं नव्हतं. प्रोग्रॅम उभा राहिला तर नोकरी माझी. काम घरून, आणि गुरुवारी ऑफिसात.

"आणि नाही राहिला तर?" मी विचारलं.

"तर बघू."

बघू म्हणजे काय ते मला नऊ वर्षांत चांगलं कळलं होतं.

मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. घरात मला कसला जाच होता अशातला भाग नाही. नवरा बाहेरच्या लोकांच्या फार्महाऊसची वायरिंगची कामं घेतो, दिवसभर बाहेर असतो, आणि मी काही करायचं म्हटलं की 'कर की' म्हणतो. पण सकाळी डोळे उघडल्यापासून मला कुणीही, कधीही, कशासाठीही हाक मारू शकत होतं आणि प्रत्येक हाकेला मी 'आले' म्हणत होते. मला दिवसातले काही तास असे हवे होते, की कुणी हाक मारली तर मी 'थांबा' म्हणू शकेन. एवढी साधी गोष्ट मला कुणाला सांगता येत नव्हती.

माझ्याकडं कॉम्प्युटर होता तो धाकट्या दिराचा. त्यानं कॉलेजात असताना घेतलेला. पुढं तो कामासाठी चाकणला राहायला गेला आणि कॉम्प्युटर आमच्या माजघरात, विणलेल्या रुमालाखाली राहिला. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "वैनी, आता ह्यो तुमचाच." मला वेगळं खातं उघडून दिलं आणि सगळ्या मशीनचा मुख्य पासवर्डही एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी चिठ्ठी डायरीत ठेवली आणि तो पासवर्ड एकदाही वापरला नाही.

इथं माझ्या आईला दोष द्यायला हवा. लहानपणापासून तिनं बजावलेलं, की दुसऱ्याच्या घरी गेलीस की आपलं सामान एका कोपऱ्यात ठेवायचं, पसरायचं नाही. सासर म्हणजे दुसऱ्याचं घर नव्हे, हे कळायला मला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर पुरतं कळलं होतं असंही नाही. सासूबाईंनी मला कधी अडवलं नव्हतं. तरी नऊ वर्षांनंतरही माझी औषधं, माझी कागदपत्रं, माझा चांगला कप, सगळं कॉटखालच्या माझ्या पेटीत असायचं. फडताळात ठेवलं तर कुणाला अडचण होईल, असं आपलं मला वाटायचं. आमच्याकडच्या बऱ्याच सुना असं करतात. एकमेकींत आम्ही त्यावर हसतो आणि पुन्हा तसंच करतो.

तर दिराच्या कॉम्प्युटरवरही मी तेच केलं. प्रोग्रॅम लिहिताना सगळंच आपण लिहीत नाही. आलेख काढणं, आकड्यांच्या फाइल वाचणं अशी कामं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. त्या तयार तुकड्यांना लायब्ररी म्हणतात. त्या ठेवायच्या मशीनमध्ये ठरलेल्या जागा असतात आणि कुठलीही स्क्रिप्ट आधी तिथंच बघते. पण त्या सामायिक जागांमध्ये काही ठेवायचं तर मुख्य पासवर्ड लागतो. दिराच्या मशीनमध्ये आपला पसारा कशाला, म्हणून मी माझ्या खात्यात एक फोल्डर केलं, त्याला 'पेटी' असं नाव दिलं आणि सगळ्या लायब्रऱ्या त्यात भरल्या. मशीनला एक ओळ लिहून सांगून ठेवलं, की इथंही बघत जा. ती ओळ लिहिली पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी विसरले.

आठवडाभर काम झकास चाललं. स्क्रिप्ट चालवली की प्रोग्रॅम उभा राहायचा, आलेख यायचा, मी खूश. शुक्रवारी दुपारी मी सगळं पाठवून दिलं आणि संध्याकाळी कौतुकानं स्वतःच शिरा केला. सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा वाढदिस हाय?" मी म्हटलं, "कुणाचा नाही, उगीच." त्यांनी दोनदा घेतला.

शनिवारी साडेदहाला माझ्या फोनवर त्या माणसाच्या स्क्रीनचा फोटो आला. लाल ओळ. लायब्ररी सापडत नाही. खाली त्यानं लिहिलं होतं, "अडकलं मॅडम. सोमवारी सकाळी एकदा शेवटचं बघतो. एवढंच सांगतो, ती लायब्ररी माझ्या मशीनवर आहे."

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळे जाणतात. पहिली पंधरा मिनिटं मी त्या माणसावरच घसरले. मशीनवर आहे म्हणे. असती तर सापडली नसती का? यानं सूचना नीट वाचल्याच नसतील, एखादी पायरी गाळली असेल, महाळुंग्यातल्या बाराव्या मजल्यावर बसणाऱ्यांना सावकाश वाचायची सवयच नसते, असं बरंच काही मी भिंतीला ऐकवलं. मग स्क्रिप्ट उघडली. अकराव्या ओळीवर माझं स्वतःचं नाव होतं.

म्हणजे असं झालं होतं, की मधेच एकदा काहीतरी अडलं तेव्हा मी घाईत माझ्या फोल्डरचा अख्खा पत्ता तिथं लिहून टाकला होता. माझं खातं, त्यातली माझी पेटी. महाळुंग्यातला तो माणूस स्वतःच्या मशीनवर बसला होता आणि माझी स्क्रिप्ट त्याच्या मशीनमध्ये माझ्या नावाची खोली शोधत होती. मी कपाळावर हात मारला आणि मग मला हसू फुटलं. सासूबाई दारातून डोकावल्या.

"रडतंय व्हय ते मशीन?"

"रडतंय, आत्या." सासूला आम्ही आत्याच म्हणतो. "चूक माझीच आहे. सापडली."

"सापडली ना? मंग झालं," म्हणाल्या. "उद्या राब भाजायचाय. वारा बघून सकाळीच लावू. तू हाईसच."

मी तोंड उघडलं 'हो' म्हणायला. नऊ वर्षं हो म्हणत आले होते, जीभ आपोआप तशी वळते. राब भाजायला माणसं लागतात, हे मला माहीत होतं. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवतात, म्हणजे सावकाश जळतो, आणि चहूबाजूंनी ओल्या फांद्या घेऊन उभं राहावं लागतं, नाहीतर बांधावरचं वाळलं गवत धरतं. तरी मी म्हटलं, "आत्या, उद्या मला नाही जमणार. सोमवारपर्यंत हे व्हायला पाहिजे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"घरीच तर हाईस," त्या म्हणाल्या.

"घरीच आहे, पण..." तोवर त्या पाल्याचा पुढचा भारा आणायला निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत होतं आणि बांधावर त्यांना पळापळ करावी लागणार, हेही माहीत होतं.

अकरावी ओळ खोडून टाकली की काम फत्ते, असं मला जेवणापर्यंत वाटत होतं. भाकरी मोडता मोडता लक्षात आलं, की नाही. माझी स्क्रिप्ट माझ्या पेटीत जायच्या आधी ठरलेल्या जागा बघतच होती. त्या माणसाकडं लायब्ररी आहे आणि ती ठरलेल्या जागी असती, तर तिथंच सापडली असती. म्हणजे त्याचीही भलतीकडंच होती. त्यानंही कुठंतरी पेटी करून ठेवली होती, आणि ती कुठं आहे हे त्याला विचारायची मला मुभा नव्हती.

आता माझी स्क्रिप्ट माझ्या मशीनवर चालवून काही उपयोग नव्हता, कारण ते मशीन मला ओळखत होतं. मला एक परकं मशीन हवं होतं. गावात दुसरा कॉम्प्युटर ग्रामपंचायतीत, आणि तो शनिवारी दुपारनंतर कुलपात. मग सुचलं, की याच मशीनवर एक नवं खातं उघडलं, अगदी कोरं, तर ते खातं परक्यासारखंच वागेल. त्याला माझी पेटी ठाऊक नसेल, मी लिहिलेली ती विसरलेली ओळही ठाऊक नसेल. फक्त नवं खातं उघडायला मुख्य पासवर्ड लागणार होता.

डायरी काढली. चिठ्ठी होती. तरी मी दिराला फोन केला.

"पासवर्ड वापरू का, विचारायला केला होता," मी म्हटलं.

तो म्हणाला, "वैनी, त्यो दिवाळीलाच दिला हुता की. अजून वापरलाच न्हाई?"

"तुमच्या मशीनमध्ये कशाला उगीच..."

"अवो, तुमचंच हाय ते. लई करता बगा तुमी." आणि तो हसायला लागला. मला राग आला. फोन ठेवल्यावर मी जरा जोरातच कीबोर्ड बडवत तो पासवर्ड टाकला. टाकला आणि काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. मशीननं मुकाट्यानं दार उघडलं, दिवाळीपासून ते उघडायला तयारच होतं.

नव्या खात्याला मी नाव दिलं 'पाहुणा'. पाहुणा म्हणून आत शिरले, अकरावी ओळ खोडून स्क्रिप्ट चालवली. लाल ओळ. लायब्ररी सापडत नाही. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरी कुठली चूक पाहिली नसेल. महाळुंग्याला झालं तेच आता माझ्या डोळ्यांसमोर होत होतं.

रविवारी सकाळी सगळे राबाकडं गेले. मुलगीही गेली. मी एकटीच घरात. खिडकीतून जळक्या पाल्याचा वास येत होता आणि मी पाहुणा होऊन स्वतःचीच खोड काढत बसले होते. लायब्ररी कधी या फोल्डरमध्ये लपवायची, कधी त्या. मग पाहुण्यानं शोधायची. एका जागी ठेवली की सापडायची, दुसरीकडं नेली की पुन्हा रडगाणं. स्क्रिप्टला आता मी शिकवलं, की आधी ठरलेल्या जागा बघ. तिथं नसेल तर चालवणाऱ्यानं पत्ता दिलाय का ते बघ. दिला असेल तर तिथं जा. हे जमलं. प्रोग्रॅम उभा राहिला. मी खुर्चीत उड्या मारायच्या बेतात होते, तो प्रोग्रॅम चालू केला आणि पुन्हा तीच ओळ. प्रोग्रॅम बांधताना, म्हणजे उभा करताना, सापडलेली लायब्ररी चालवताना हरवली होती.

हे असं का होतं, ते मला लग्नाआधी येत होतं. नऊ वर्षांत बुजलं होतं. बांधताना दिलेला पत्ता बांधण्यापुरताच. प्रोग्रॅमला स्वतःला तो आठवणीत राहत नाही, तो त्याच्या आत कुठंतरी कोरून ठेवावा लागतो. दोन तास डोकं धरून बसले तेव्हा ते आठवलं. आठवल्यावर डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. मला वाटलं होतं, की ते सगळं गेलं. ते गेलं नव्हतं.

बाराच्या सुमाराला सासूबाई आत आल्या. कपाळावर काजळी, पदर डोक्याला गुंडाळलेला. घागरीतलं पाणी प्यायल्या आणि माझ्या मागं जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता बोलणार. मी न आल्याबद्दल काहीतरी लागेल असं. त्यांनी स्क्रीनकडं मान केली.

"काय म्हंतंय?"

"म्हणतंय सापडत नाही."

"काय सापडत न्हाई?"

"ते नीट सांगत नाही."

"कुटं कुटं बघितलं?"

"तेही सांगत नाही."

"मंग काय उपेग त्याचा," त्या म्हणाल्या. "तुजा सासरा असाच हुता. इळा सापडंना म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. कुटं बघितला म्हणून इचारलं की गप. आन् मी उठून बघायची ती पयल्यापास्नं." पाय चोळत त्या थोडा वेळ बसल्या आणि पुन्हा राबाकडं गेल्या. जाताना दार अर्धं लोटून घेतलं, धूर येऊ नये म्हणून.

त्यांचं बोलणं मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही, कारण माझं डोकं दुसरीकडं होतं. पण संध्याकाळी, सगळं चालायला लागल्यावर, मी ती लाल ओळ पुन्हा बघितली आणि आत्यांना सासऱ्यांचा यायचा तसाच मला तिचा राग आला. माणसाला कोड्यात टाकून गप्प बसायची ही कुठली रीत? त्या माणसाला सोमवारी हीच ओळ दिसली, तर त्याच्या हातात काय राहणार होतं? मग मी ती ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी नीट बोलणारी सूचना लिहिली. मला अमुक लायब्ररी हवी आहे. मी तिच्यासाठी या चार जागी पाहिलं, त्यांची नावं ही. तिथं ती नाही. तुमच्याकडं ती दुसरीकडं असेल, तर तिचा पत्ता असा असा लिहून मला पुन्हा चालवा, बाकी सगळं मी बघते. इंग्रजीत लिहिलं, पण सूर हाच. अशी सूचना मला माझ्या पहिल्या नोकरीत कुणी लिहून दिली असती, तर माझे कितीतरी दिवस वाचले असते.

सोमवारी सकाळी नऊला पाठवून दिलं. दहा वाजले. साडेदहा वाजले. मी मुलीचा डबा दोनदा घासला. ती शाळेत पोचली होती आणि डबा शनिवारचा होता. भांडी आवरायच्या निमित्तानं मी ओट्यापाशी उभी राहिले, तरी कान फोनकडं. अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

"मॅडम," तो माणूस म्हणाला, "अडकलं होतं."

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"मग तुमची स्क्रिप्ट माझ्याशी बोलली," तो म्हणाला. "कुठं कुठं बघितलं ते सांगितलं आणि मला पत्ता विचारला. मी दिला. झालं. आलेख आला समोर." तो हसत होता. "खरं सांगू का, आमच्या लायब्रऱ्या सगळ्या एका फोल्डरमध्ये आहेत. मागच्या वर्षी सोडून गेलेल्या पोराच्या नावाचं फोल्डर आहे ते. हलवायला सगळे घाबरतात. तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. मला बघायचं होतं, की तुम्ही विचारता का आम्हालाच आमचं नीट ठेवायला सांगता."

"विचारायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता," मी म्हटलं.

"तुम्ही नाही विचारलंत. स्क्रिप्टनं विचारलं." मग म्हणाला, "गुरुवारी या. लेटर तयार ठेवतो."

फोन ठेवल्यावर मी आधी नवऱ्याला सांगितलं. तो कुठल्यातरी फार्महाऊसच्या छतावर शिडीवर होता, तिथूनच ओरडला. मग राबाकडं जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या थंड झालेल्या राबातली न जळलेली काटकं वेचत होत्या.

"म्हंजी रोज जाणार?" त्यांनी विचारलं.

"रोज नाही. गुरुवारी जाणार. बाकीचे दिवस इथूनच, माजघरातून. दहा ते सहा."

"हितूनच," त्या म्हणाल्या. हातातली काटकं बांधावर टाकली आणि पुन्हा वाकल्या. मला वाटलं होतं त्या खूश होतील, निदान 'बरं झालं' तरी म्हणतील. माजघरात बसून केलेलं ते त्यांच्या लेखी काम होणार का, हा प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. महाळुंग्याची परीक्षा पार पडली, घरातली अजून व्हायचीच होती, आणि तिथं स्क्रिप्ट लिहून देता येणार नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. कामाला लागून मला पाच-सहा दिवस झाले होते. दार अर्धं लोटून मी माजघरात बसले होते. कुरडयांचा मोसम होता. आमच्या आळीत कुरडया घालायच्या तर सगळ्या सुना हाताशी लागतात, आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. दुपारी तीनच्या सुमाराला शेजारच्या काकू अंगणात आल्या आणि नेहमीप्रमाणं माझं नाव घेऊन हाक मारली. चीक शिजला होता आणि हात कमी पडत होते.

सवयीनं मी खुर्चीतून निम्मी उठले. तोंडापर्यंत 'आले' आलं होतं.

ओटीवर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"ती न्हाई," त्या म्हणाल्या.

"कुटं गेलीया?"

"कामावर."

दारापलीकडं चार पावलांवर मी तशीच, अर्धी उभी राहिले.

"अगं, चपला तर हितंच हायेत तिच्या," काकू म्हणाल्या.

"असू देत. कामावर गेलीया म्हणलं ना," सासूबाई म्हणाल्या. "सहाला येईल. तवर मी येती, चल."

सूप उचलल्याचा, गुडघ्यावर हात ठेवून उठल्याचा आवाज आला. दोघी बोलत बोलत आळीनं निघून गेल्या. मी खुर्ची वाजणार नाही अशी हळूच परत बसले. तहान लागली होती, तरी सहा वाजेपर्यंत मी बाहेर आले नाही.